नातीने शह दिलाय, मात नाही

ताई, नमस्कार.

माझं वय 71. एसटीतून निवृत्त झालो, राहायला सांगली जिल्ह्यात. तरुणपणी कबड्डी खेळलो. उजवा कोपरा सांभाळायचो, तीनदा जिल्ह्याकडून गेलो. डावा गुडघा अजून त्याची आठवण काढून देतो.

माझी नात आठवीत आहे. दोन वर्षांपासून बुद्धिबळाच्या क्लासला जाते, स्पर्धा खेळते. यंदा एका स्पर्धेत तिला ढाल मिळाली. अक्षय तृतीयेला सगळे जेवायला बसलो होतो. मुलगा कौतुकाने म्हणाला, "आबांनंतर घरात आता दुसरी खेळाडू." मी आपलं गमतीने म्हणालो, "बसल्या जागी खेळायचा तो कसला खेळ? घाम न गाळता खेळाडू होता आलं असतं, तर आमच्या पारावर पत्ते कुटणारे सगळे ऑलिम्पिकला गेले असते." सगळे हसले. नात आमरसाची वाटी तशीच ठेवून उठली. त्याला तीन आठवडे झाले. माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढंच बोलते.

मुलगा म्हणतो, माफी मागा. मला कळत नाही कशाची मागू. शाळेतल्या पीटीच्या सरांना विचारलं, तर तेही म्हणाले, बुद्धिबळ हा बैठा खेळ, त्याला क्रीडा म्हणता येत नाही. शिवाय ही पोरगी बुद्धिबळाचं निमित्त सांगून मैदानावर फिरकतच नाही, तेही मला खटकतं. खरं काय ते तुम्ही सांगा. पंचाचा निकाल मी आयुष्यभर मानत आलोय.

— एक आजोबा

आबा,

निकाल मागितलात, म्हणून आधी निकाल देते आणि मग बोलू. कागदोपत्री तुम्ही हरला आहात, आणि तेही आजकाल नव्हे. देशात अर्जुन पुरस्कार सुरू झाले 1961 साली, आणि त्याच पहिल्या यादीत बुद्धिबळाचे मॅन्युएल एरन होते. तेव्हा तुम्ही पहिली-दुसरीच्या वयाचे. पुढे खेलरत्न सुरू झाला 1991-92 साली. देशाचा हा सर्वांत मोठा क्रीडा पुरस्कार पहिल्यांदा द्यायची वेळ आली तेव्हा तो ना हॉकीवाल्याला मिळाला ना क्रिकेटवाल्याला, तो मिळाला विश्वनाथन आनंदला. 2024 चा खेलरत्न ज्यांना मिळाला त्यांत बुद्धिबळाचा गुकेश आहे. आशियाई क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळ 2006 साली दोह्यात आलं आणि भारताने त्याच वेळी सुवर्ण आणलं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाला 1999 पासून मान्यता दिलेली आहे. इतकंच काय, या लोकांची उत्तेजक द्रव्यांची चाचणीसुद्धा होते. 2008 साली जर्मनीत ड्रेस्डेनला बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशादेशांच्या सांघिक स्पर्धेत, इव्हानचुक नावाचा नामांकित खेळाडू शेवटचा डाव हरला, संतापून निघून गेला आणि चाचणीला थांबलाच नाही. त्यावरून केवढा गदारोळ झाला! शेवटी त्याला माफ केलं गेलं, तो भाग वेगळा. पण पारावरच्या पत्तेवाल्यांकडे अजून कोणी चाचणीची बाटली घेऊन आलेलं नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

आणि तुम्ही तर सांगली जिल्ह्यातले. बाकी महाराष्ट्राने बुद्धिबळाला नाक मुरडलं तर एक वेळ समजून घेईन. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत देशभरातून मुलं तिथे खेळायला येऊ लागली. भाग्यश्री साठे याच सांगलीची. लग्नानंतर भाग्यश्री ठिपसे झाली. तिला पद्मश्री मिळाली, अर्जुन पुरस्कारही मिळाला. तुम्ही कबड्डीच्या गाडीतून जिल्ह्याकडून जात होतात, त्याच सुमाराला त्याच जिल्ह्यातली ही मुलगी फ्रॉकच्या वयापासून पट मांडून बसत होती.

हा झाला कागद. आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुम्ही अगदीच एकटे नाही आहात.

ऑलिम्पिकमध्ये बुद्धिबळ नाही. मान्यता आहे, पदक नाही. इंग्लंडमध्ये तर सरकारदरबारी बुद्धिबळाला क्रीडा म्हणून जागाच नव्हती. तिथल्या ब्रिज खेळणाऱ्यांनी, म्हणजे पत्तेवाल्यांनीच, "आम्हालाही क्रीडा म्हणा" म्हणून लंडनच्या न्यायालयात दावा लावला. 2015 साली ते हरले. करमाफीसाठी प्रकरण युरोपच्या न्यायालयात लक्झेंबर्गला गेलं, तिथेही 2017 साली निकाल असाच लागला: ज्यात शरीराचं काम नगण्य, ते क्रीडा नव्हे. म्हणजे आमरस खाता खाता तुम्ही जे बोललात, तेच तिथल्या न्यायाधीशांनी झगे घालून सांगितलं.

पण त्या दाव्यांच्या मुळाशी काय होतं ते पाहा. पैसा. तिकडे स्पोर्ट म्हटलं की अनुदान, करात सवलत; गेम म्हटलं की "खेळा घरी बसून". दोन शब्द, दोन तिजोऱ्या. म्हणून ते हमरीतुमरीवर येतात. आपल्या मराठीला ही अडचणच नाही. आपल्याकडे मुलांचा खेळ असतो, दशावताराचा खेळ असतो, डोंबाऱ्याचा खेळ असतो, टुरिंग टॉकीजमध्ये रात्री नऊचा खेळ असायचा. आणि खेळांचे दोन गट आपल्या आज्यांनीच पाडून ठेवलेत: मैदानी आणि बैठे. सागरगोटे बैठे, लगोरी मैदानी. बैठा म्हणजे खालच्या जातीचा, असं कुठल्याही आजीने सांगितलेलं मला आठवत नाही. तुमचे पीटीचे सर "बैठा खेळ" म्हणाले तिथवर शंभर टक्के बरोबर होते. पुढचं "म्हणून क्रीडा नाही" हे त्यांच्या पदरचं. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बुद्धिबळ आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी त्याची चढती भाजणी आहे. शाळेने नाव पाठवलं तरच मुलीला त्यात उतरता येतं. तेव्हा सर अशा समजुतीत असतील तर तिचं नाव यंदा गेलंय की नाही, हे जरा हळूच विचारून घ्या. या भांडणातून हाती लागण्यासारखी गोष्ट असेल, तर ही.

आणि ऑलिम्पिकचंच म्हणाल आबा, तर एक सांगू? रागावू नका. कबड्डी तरी कुठे आहे तिथे? 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिनला गेली, हिटलरच्या त्या ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवून आली. दाखवून आली, बस. पदकाच्या यादीत कबड्डी अजूनही नाही. आशियाई स्पर्धांत ती आली 1990 ला, म्हणजे तुमचं खेळायचं वय सरल्यावर. मग तुम्ही तरुणपणी खेळत होतात ते काय होतं? तुम्ही जिल्ह्याकडून खेळलात तेव्हा कुठल्या समितीचा शिक्का बघून गुडघा फोडून घेतला नव्हतात. तोच न्याय नातीलाही लावा.

राहिला घाम.

त्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण गेल्या वर्षीपर्यंत माझंही मत तुमच्यासारखंच होतं. बहिणीला ताप आला म्हणून अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन मला पुण्यात एका स्पर्धेला जावं लागलं. मंगल कार्यालय होतं. जिथे एरवी पंगती बसतात तिथे लांबच लांब टेबलं, त्यावर पट, प्रत्येक पटाशेजारी घड्याळ. आत दीडेकशे पोरं, आणि आवाज म्हणाल तर फक्त पंख्यांचा. पालकांना आत सोडत नाहीत. आम्ही सगळे बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी. मी दाराच्या काचेला नाक लावून उभी.

पहिल्या अर्ध्या तासात भाच्याने स्वेटर काढला. डिसेंबर होता. नंतर त्याचे कान लाल झाले. मला वाटलं ताप आला यालाही. एक पाय खुर्चीच्या दांडीला गुंडाळलेला, दुसरा सारखा हलतोय. दर चालीनंतर कागदावर चाल लिहायची असते. तो कागद मी नंतर पाहिला. वरच्या दहा ओळी शाळेच्या वहीसारख्या वळणदार, विसाव्या ओळीपासून अक्षर घसरायला लागलेलं, शेवटी नुसत्या कोंबडीच्या पायांच्या रेघा. डॉक्टर नाडी बघतात तसा तो कागद बघावा.

आणि मग एक गोष्ट घडली. त्याने हत्तीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. नियम असा की हात लावला ती सोंगटी चालवावीच लागते. समोरचा मुलगा काही बोलला नाही, पंचांना बोलावलं नाही, नुसतं याच्याकडे पाहिलं. कोणी पंच जवळ नव्हते. माझ्या भाच्याने दोन मिनिटं पटाकडे बघून तोच हत्ती उचलला, नको तिथे ठेवला आणि पुढच्या सहा-सात चालींत हरला. उठून हात मिळवला, कागदावर सही केली, बाहेर आला. पाणी मागितलं. मग दोन प्लेट पोहे, एक केळं आणि परतताना रिक्षात माझ्या खांद्यावर असा झोपला की घरी उतरवताना उचलून न्यावा लागला. तासभर मैदानावर धावून आलेलं मूल इतकं दमलेलं मी पाहिलं नाही.

तुमच्यासारखा कबड्डीचा माणूस हे माझ्यापेक्षा लवकर ओळखेल. कबड्डीतला दम आठवा. चढाईला गेलेला खेळाडू निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडून आत गेलाय, सात जण हात पसरून वाट बघताहेत, आणि "कबड्डी कबड्डी" थांबवता येत नाही. आता तर चढाईला तीस सेकंदच असतात. नातीच्या मोठ्या स्पर्धांमध्येही बहुतेक वेळा प्रत्येक चालीला तीस सेकंदांची भर मिळते. डावाच्या शेवटी हाताशी तेवढेच उरतात. तीस सेकंदांत चाल शोधायची, लिहायची, खेळायची, घड्याळ दाबायचं आणि पुन्हा तेच, असं तास-तासभर. तुमचा दम छातीत, तिचा घड्याळात. सुटला की दोघंही बाद.

मोठ्यांचे किस्से तर विचारू नका. 1984 च्या सप्टेंबरात मॉस्कोत कारपोव्ह आणि कास्पारोव्ह विश्वविजेतेपदासाठी बसले. सहा डाव जिंकेल तो विजेता. बहुतेक डाव बरोबरीत सुटत गेले, सुटत गेले, आणि फेब्रुवारी उजाडला. 48 डाव झाले, निकाल नाही. शेवटी महासंघाच्या अध्यक्षांनी स्पर्धाच थांबवली. कारपोव्ह तोवर इतका वाळला होता की त्याचे फोटो पाहून लोक हळहळले. 2021 साली दुबईत विश्वविजेतेपदाच्याच लढतीत कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा सहावा डाव 136 चाली आणि पावणेआठ तास चालला. तो डाव हरल्यावर नेपोम्नियाची पुढे नीट उभा राहिलाच नाही, स्पर्धा तिथेच संपली म्हणा ना.

मात्र एक सावध करते. या विषयावर नातीने तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरचा एखादा मजकूर दाखवला की बुद्धिबळपटू दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतात, तर मान डोलवू नका. एवढ्या कॅलरी टूर दी फ्रान्सला सायकलवरून आल्प्स चढणाऱ्याला लागतात. खुर्चीत बसलेल्याला कशा लागतील? ताणाने छाती धडधडते, भूक मरते, झोप उडते, अंग मोडून येतं, हे सगळं खरं. पण बुद्धिबळाची बाजू घ्यायला खोटे आकडे कशाला हवेत?

मला विचाराल तर घाम हे मापच चुकीचं आहे. घामावर ठरवायचं तर मार्केट यार्डातल्या हमालाएवढा मोठा खेळाडू नाही, आणि त्याला कोणी ढाल देत नाही. तुमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसहून नेमबाजीचं कांस्य घेऊन आला. पन्नास मीटर रायफल, तीन अवस्था: गुडघ्यावर, उभं राहून आणि पालथं पडून. पालथं पडून, आबा! बसूनसुद्धा नाही. नेमबाजाचं सगळं कौशल्य अंग न हलवण्यात. त्याची मिरवणूक निघाली तेव्हा "घाम कुठाय?" असं कोणी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नसणार.

तुमच्या पत्रातला मला खरा टोचलेला भाग वेगळा आहे. पत्ते. तुमच्या मुलाने नातीला तुमच्या शेजारी बसवलं होतं: आबांनंतर दुसरी खेळाडू. त्या पंगतीत तिच्यासाठी त्याहून मोठं पान नव्हतं. आणि तुम्ही तिला तिथून उठवून पारावर पत्ते कुटणाऱ्यांत नेऊन बसवलंत, वर सगळी पंगत हसली. तेरा वर्षांच्या मुलीला हसणाऱ्यांची तोंडं पाठ राहतात.

आणि पत्ते ही उपमा तर साफ उलटी आहे. पत्त्यांत हरलेला म्हणतो, पानंच वाईट आली. कबड्डीत हरलेला म्हणतो, पंच तिकडचा होता, मॅट घसरत होती, डावा कोपरा वेळेवर आला नाही. तुम्हीही म्हणाला असाल कधीतरी. बुद्धिबळात म्हणायला काही नाही. दोघांकडे सोळा-सोळा सोंगट्या, सगळ्या उघड्यावर, नशीब नाही, भिडू नाही, वारा नाही, पाऊस नाही. हरली तर ती हरली. हे ओझं घेऊन ती दर रविवारी कुठल्या तरी मंगल कार्यालयातून घरी येते. क्रीडा संघटनांच्या जागतिक शिखर संस्थेने खेळाला क्रीडा कधी म्हणावं याच्या अटी घातल्या होत्या, त्यात एक अट हीच होती: त्यात मुद्दाम घातलेला नशिबाचा भाग नसावा. बुद्धिबळ त्या अटीत तुमच्या-माझ्या माहितीतल्या कुठल्याही खेळापेक्षा चोख बसतं.

अर्थात प्रत्येक पट म्हणजे क्रीडा नव्हे, हेही कबूल. दुपारी ओसरीवर दोन निवृत्त गृहस्थ बसलेत, मागे चार जण "घोडा घे, घोडा घे" करताहेत, मधेच चहा आला, चाल परत घेतली, असा डाव म्हणजे निखळ करमणूक. तसं तर गल्लीत अंधार पडेपर्यंत खेळलेलं हुतूतूही करमणूकच होतं. तुम्ही जिल्ह्याच्या संघात गेलात, पहाटे उठून मेहनत केलीत, शिट्टी झाल्यावर निमूट बाहेर बसलात, तेव्हा त्याच हुतूतूची कबड्डी झाली. नात सध्या त्याच वळणावर आहे. ओसरीवरून हॉलमध्ये गेली आहे.

आता करायचं काय?

माफी मागा, पण मताची नको. बैठा खेळ तुम्हाला कमी वाटतो तर वाटू दे, सत्तरीत मत बदललं असं खोटं सांगाल तर ती लगेच ओळखेल. माफी पत्त्यांच्या वाक्याची मागा, आणि सगळे हसले त्याची. तीही एकट्यात गाठून नको. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर, जेवताना, एका वाक्यात. भाषण नको. मग वाढा म्हणावं पुढचं.

दुसरं, तिच्या पुढच्या स्पर्धेला तुम्ही जा. मुलाला सांगा, या वेळी मी नेतो. आत सोडणार नाहीत, बाहेर बसावं लागेल, चपलांची राखण केल्यासारखं वाटेल. डबा न्या, पाण्याची बाटली न्या, वर्तमानपत्र न्या. दार उघडून ती बाहेर आली की पहिला प्रश्न "जिंकलीस का?" हा नको. चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. पाणी द्या. हरली असेल तर घरी आल्यावर तो चालींचा कागद मागा आणि विचारा, "तुझा दम कुठे सुटला ते दाखव." बुद्धिबळाचं ओ की ठो कळत नसलं तरी हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुमच्याइतका त्या घरात कोणालाच नाही. तुमच्या मुलालाही नाही, त्याने फक्त ढालीचं कौतुक केलंय.

तिसरं म्हणजे मैदान. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. बुद्धिबळाचं निमित्त करून पीटीचा तास बुडवणं हे तिचंच नुकसान आहे, आणि हे तिला तिच्याच खेळातले लोक सांगतील. कार्लसन फुटबॉल खेळतो, व्यायाम करतो. गुकेश 2024 ला सिंगापूरला डिंग लिरेनशी जगज्जेतेपदासाठी चौदा डाव खेळला तेव्हा त्याच्या बरोबर मनाच्या तयारीसाठी पॅडी अप्टन होता, आपल्या क्रिकेट संघाबरोबर पूर्वी असलेला तोच. नुसती बुद्धी पुरत असती तर एवढा लवाजमा कशाला बाळगला असता? पाच तासांच्या डावात चौथ्या तासाला जी घोडचूक होते ती बहुतेक वेळा डोक्याची नसते, मोडलेल्या कंबरेची आणि रिकाम्या पोटाची असते. हे तिला पटवा. पण उपदेश म्हणून नको, अट म्हणून तर मुळीच नको. "धावलीस तरच खेळाडू म्हणीन" असं म्हणालात तर पुढचे तीन महिने "हो-नाही"सुद्धा बंद होईल. संध्याकाळी तुम्ही स्वतः बूट घाला आणि म्हणा, गुडघा आखडलाय, चल जरा ग्राउंडला दोन फेऱ्या मारू. ती चालेल, मग धावेल. तुम्ही बाकावर बसून श्वास मोजा, तेवढं तुम्हाला येतंच.

शाळेचं वर सांगितलंच आहे. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याला मूल कुठल्या पातळीवर खेळलं ते धरतात. नात आठवीत आहे, म्हणजे वेळ आहे. खासगी स्पर्धांची ढाल त्यासाठी चालेलच असं नाही, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एकदा स्वतः जाऊन नियम समजून घ्या. एसटीत उभी हयात गेलीय तुमची, सरकारी टेबलासमोर कसं बसायचं हे मी काय सांगू!

आणि शेवटी, तिच्याशी एक डाव खेळा. तुम्ही लहानपणी बहुधा देशी पद्धतीने खेळला असाल, बऱ्याच घरी प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. तिचं दोन घरं जाईल. "हे कुठलं खूळ" म्हणू नका, आता सगळीकडे तसंच आहे. ती रागात असली तर पहिल्या चार चालींतच तुमच्यावर मात करायचा प्रयत्न करील, मुलं करतातच. वजीर आणि उंट घेऊन थेट अंगावर येईल. तुमच्या राजाला लागून जो उंट आहे ना, त्याच्या पुढचं प्यादं सांभाळा. सुरुवातीला त्याला राजाशिवाय कोणाचाच आधार नसतो आणि ती तिथेच घुसणार. समजा तो तुमचा उजवा कोपरा.